वेबसाइट करून देऊ नका, करायला शिकवा

गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज, हप्ता यांवर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आपल्या खाप्यात आणि आसपासच्या गावांत अनेक घरी संगणक शिकलेली लेक, सून किंवा मुलगा आहे. त्यांनी आठवड्यातले दोन तास शाळेला दिले, तर शिक्षक आणि मुलं शाळेची वेबसाइट स्वतःच्या हातानं तयार करू शकतात. ते कसं, हे आज समजून घेऊ.

वेबसाइट म्हणजे एकमेकांना जोडलेली पानं. एका पानावरच्या शब्दाला बोट लावलं की दुसरं पान उघडतं. ही कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली मांडली. ते तेव्हा युरोपातल्या ‘सर्न’ या विज्ञान संस्थेत काम करत होते. १९९३ मध्ये सर्ननं हे तंत्र सगळ्या जगाला मोफत खुलं केलं. म्हणून आज वेबसाइट करायला कोणाची परवानगी लागत नाही आणि त्याची भाषा शिकायला पैसेही पडत नाहीत.

हे आपल्या शाळांना जमेल का, असं वाटेल. महाराष्ट्रात २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. त्या काळात ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द घरोघर पोचला. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शिक्षकांनी स्वतः शिकून शैक्षणिक वेबसाइट केल्या आणि शेजारच्या शाळांतल्या शिक्षकांना शिकवलं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांनी पुस्तकातल्या धड्यांना क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आता बघा, तो कोड मोबाइलनं टिपला की काहीतरी उघडतं. ते उघडायला कुठेतरी ठेवलेलं असावं लागतं. ती जागा शाळेची स्वतःची असेल, तर शिक्षक त्यात हवी तेव्हा भर घालू शकतात.

शिकवायची सुरुवात कागदावर करा. मुलांना चार कागद द्या: आमची शाळा, आमचं गाव, आमचे उपक्रम, संपर्क. कोणत्या पानावरून कुठे जायचं, त्याचे बाण काढायला सांगा. गावाच्या पानावर कन्हान नदी येईल, हातमाग येईल, संत्र्याची बाग येईल, आजीनं सांगितलेली जुनी गोष्ट येईल. मजकूर मुलांचा असला की शिकायची गोडी लागते.

मग संगणक. पानं लिहायच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. त्यात मथळा कुठे, परिच्छेद कुठे, चित्र कुठे, हे छोट्या खुणांनी सांगायचं असतं. ही पानं साध्या नोटपॅडमध्ये लिहून त्याच संगणकावर उघडता येतात. सरावाला इंटरनेट लागत नाही, म्हणून रेंज नसली तरी वर्ग थांबत नाही. मराठी अक्षरं नीट दिसावीत म्हणून मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायचा. जुन्या फॉन्टमधलं मराठी दुसऱ्याच्या मोबाइलवर भलतंच दिसतं. फोटो लहान करून टाकायचे, कारण बहुतेक पालक पान मोबाइलवर बघणार आणि डेटा त्यांचा खर्च होणार. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात संगणकाचे छोटे धडे मराठीतही आहेत. शिकवणाऱ्याला त्यांचा आधार होतो.

शिकवणाऱ्यानं एक नियम पाळावा: माउसला हात लावायचा नाही. आपण पटकन करून दिलं की काम होतं, पण शिक्षण होत नाही. एका संगणकावर दोन मुली बसवा आणि दहा मिनिटांनी जागा बदला. शिक्षकांना वेगळा वेळ द्या. मुलांसमोर अडखळायचा संकोच त्यांनाही असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अनेकदा बाहेरचा माणूस वेबसाइट करून देतो, पासवर्ड त्याच्याकडेच राहतो आणि तो गाव सोडून गेला की शाळेला एक ओळही बदलता येत नाही. वेबसाइटच्या नावाचे पैसे दरवर्षी भरावे लागतात. ते चुकले तर नाव दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतं. आपण गटाचं पासबुक कधी एकीच्याच पिशवीत कायमचं ठेवतो का? बँकेचा व्यवहार दोन सह्यांनी करतो. तसंच इथे करा. नाव शाळेच्या ईमेलवर घ्या. पासवर्ड मुख्याध्यापक आणि आणखी एका शिक्षकाकडे असू द्या. पैसे भरायची तारीख शाळेच्या नोंदवहीत लिहा. पैशांची अडचण असेल तर गूगल साइट्ससारख्या मोफत सोयीवर सुरुवात करता येते.

आणि आपल्या लेकींची काळजी. मुलीचा फोटो, पूर्ण नाव, वर्ग आणि फोन नंबर एकत्र कधीच टाकू नये. टाकलेला फोटो कोणीही उतरवून घेऊ शकतो, नंतर पुसला तरी तो परत येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. म्हणून फोटो टाकण्याआधी आईवडिलांना विचारा आणि लेखी घ्या. बक्षीस मिळालेल्या मुलीचं कौतुक तिच्या चित्रानं, तिच्या निबंधानंही करता येतं.

आपण गट म्हणून काय करू शकतो? पुढच्या बैठकीत विचारा, कोणाच्या घरी संगणक येणारं कोण आहे. दोन नावं निघाली तरी पुरे. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्यातल्या काही जणी असतात, त्यांनी मुख्याध्यापकांशी बोलावं. शिकवायला जाणारी मुलगी असेल तर वर्गाची वेळ दिवसाउजेडी ठरवा आणि तिच्या येण्याजाण्याची सोय बघा. फुकट काम करणाऱ्याच्या खिशातून गाडीभाडं जाऊ नये, तेवढं गटानं उचलावं.

दोन-तीन महिन्यांनी एक परीक्षा घ्या. शिकवणारी एक आठवडा शाळेत गेली नाही आणि तरी शिक्षकांनी, मुलांनी नवी सूचना वेबसाइटवर लावली, तर समजायचं, काम झालं. मग ती पुढच्या शाळेत जायला मोकळी.

बैठकीत हा विषय जरूर काढा.