इंजिनाचा संगणक : आहे तो सुधारावा की नवा घ्यावा?

भांडुप, कांजूर, मुलुंड या पट्ट्यात गॅरेज चालवणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंसमोर अलीकडे एक नवे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. त्याची गाडी बिघडलेली नसते. त्याला गाडीची ताकद वाढवून हवी असते. 'कंपनीचा ईसीयू ट्यून करू की बाहेरची नवी सिस्टिम बसवू?' असे तो विचारतो. याचे उत्तर अंदाजाने दिले तर गिऱ्हाईकाचे इंजिन जाते आणि आपली पत जाते. म्हणून या विषयाची उकल करणे आम्हाला आवश्यक वाटते.

कार्ब्युरेटरच्या काळात मिस्त्रीच्या हातात जेट आणि पेचकस असे. २००० सालच्या धूर-नियमांनंतर कार्ब्युरेटर मागे पडला आणि मारुती ८०० मध्येसुद्धा एमपीएफआय आले. तेव्हापासून पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा टाकायची हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. त्यात कोष्टके साठवलेली असतात; त्यांना मॅप म्हणतात. इंजिनाचा वेग आणि त्यावरचा भार पाहून ईसीयू कोष्टकातील आकडा उचलतो. पेट्रोल पुरते जळण्यासाठी १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण राखण्यासाठी सायलेन्सरच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर ईसीयूला सतत खबर देत असतो.

तीन मार्ग

पहिला मार्ग रिमॅपचा. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला उपकरण जोडून, किंवा ईसीयू काढून टेबलावर, मूळ फाइल वाचतात, कोष्टके बदलतात आणि परत भरतात. वायरिंग तेच राहते. एसी, मीटर, चावीचा इमोबिलायझर सारे पूर्ववत चालते. खर्च साधारण हजारांत राहतो. मात्र फाइल भरत असताना बॅटरी खाली गेली तर ईसीयू निकामी होऊ शकतो. म्हणून चार्जर लावल्याशिवाय हे काम करू नये आणि मूळ फाइल जपून ठेवल्याशिवाय तर मुळीच करू नये.

दुसरा मार्ग पिगीबॅकचा. मूळ ईसीयू आणि इंजिन यांच्या मध्ये एक डबी बसते आणि संदेश थोडे बदलून पुढे पाठवते. हे आपल्याला परके नाही. सिक्वेन्शियल सीएनजी किटचा ईसीयू हेच करतो. पेट्रोल इंजेक्टरला जाणारा संदेश तो वाचतो आणि गॅस इंजेक्टर किती वेळ उघडायचा याचा हिशेब त्यावरून करतो. म्हणून पेट्रोलवर गाडी नीट नसेल तर गॅसवर ती कधीच नीट चालत नाही. जाणते मिस्त्री आधी पेट्रोलची बाजू साफ करतात, मगच लॅपटॉप उघडतात.

तिसरा मार्ग स्वतंत्र सिस्टिमचा. मूळ ईसीयू काढून हॉलटेक, मोटेक, लिंक अशा कंपन्यांचा किंवा मेगास्क्वर्टसारखा हाताने जुळवलेला संगणक बसवतात. यात सारे मॅप कोऱ्या पाटीवरून लिहावे लागतात. नवे वायरिंग, नवे सेन्सर आणि डायनोवर दिवसभराचे काम धरले तर खर्च सहज लाखाच्या घरात जातो. शिवाय आजच्या गाडीत मीटर, एबीएस, एअरबॅग हे सारे मूळ ईसीयूशी बोलत असतात. तो काढला की हा संवाद तुटतो.

कोणाला काय योग्य?

फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनाचे उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. मारुती, टाटा आणि फियाट या तिन्ही कंपन्यांनी ते वापरले. त्याची एक आवृत्ती ७५ अश्वशक्तीची, दुसरी ९० ची. हा फरक केवळ फाइलचा नव्हता. ९० च्या इंजिनाला वेगळा, बदलत्या पात्यांचा टर्बो होता. ७५ च्या इंजिनात फाइल बदलून ताकद जरूर वाढते. पण टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्स तेच राहतात आणि वाढीव भार त्यांनाच सोसावा लागतो.

यावरून नियम असा निघतो. टर्बो असलेल्या गाडीत रिमॅपचा फरक जाणवतो, कारण हवेचा दाब वाढवता येतो. साध्या पेट्रोल गाडीत फरक फारच थोडा पडतो. तेथे गिऱ्हाईकाचे पैसे प्लग, एअर फिल्टर, इंजेक्टर सफाई आणि चांगले टायर यांवर लावणे अधिक हिताचे. स्वतंत्र सिस्टिम शोभते ती शर्यतीच्या गाडीला, दुसरे इंजिन बसवलेल्या गाडीला किंवा ज्या जुन्या गाडीचा मूळ ईसीयू मिळतच नाही तिला. रोज मुलुंडहून शीवला जाणाऱ्या गाडीला तिची गरज नाही.

कायदा विसरू नये

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आरसी बुकातील मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मंजूर सीएनजी किट बसवून आरटीओत नोंद करणे हा कायदेशीर मार्ग आहे. आपल्या भागाची नोंद वडाळ्याला होते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या डिझेल गाडीत धुराचा फिल्टर काढून फाइलमधून त्याची तक्रार पुसून द्या, असे कोणी म्हणेल. ते काम पैशासाठीही घेऊ नये. तो धूर आपल्याच गल्लीतील मुलांच्या छातीत जातो.

आपल्या धंद्यासाठी

थोडे भांडवल असलेल्या गॅरेजने आधी चांगला स्कॅनर घ्यावा आणि लाइव्ह डेटा वाचायला शिकावे. ताकद कमी झाल्याची तक्रार घेऊन आलेल्या गाडीत बहुधा एखादा थकलेला सेन्सर, फुटलेला टर्बोचा पाइप किंवा तुंबलेला फिल्टर सापडतो. तो दुरुस्त केला की ट्यूनिंगची गरज उरत नाही. ही दुरुस्ती रोज मिळणारी आहे; ट्यूनिंगचे गिऱ्हाईक क्वचित येते. ट्यूनिंगचे काम आलेच तर जाणकाराकडे पाठवावे आणि त्याच्यासोबत उभे राहून शिकावे. अनोळखी माणसाकडून आलेली तयार फाइल डोळे मिटून भरू नये.

आणि वॉरंटी जाऊ शकते, विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते, हे गिऱ्हाईकाला कामाआधीच सांगावे. बिलावर तसे लिहून सही घ्यावी. गाडी ही आपल्याकडे सोपवलेली अमानत असते. नको असलेले काम न करता तिला परत पाठवणारा मिस्त्री त्या दिवसाची मजुरी गमावतो, पण गिऱ्हाईक कायमचे जोडतो.