साथीला पेटी

उस्मानपुऱ्यात, संत एकनाथ रंगमंदिराच्या अलीकडे, आमच्या खोलीवर दोन वाद्ये आहेत. एक माझी पेटी, आजोबांची; दुसरी खोलीतल्या मित्राची गिटार. तो म्हणतो, पेटी म्हणजे गायकाच्या मागे धावणारे वाद्य! मी काय बोलणार? परवाच्या गणेशोत्सवात निवेदकाने गायिकेचे नाव घेतले, तबलजीचे घेतले, आणि ‘साथीला पेटी’ एवढे म्हणून तो पुढे सरकला. त्या रात्री परत येताना पेटी फार जड लागली.

मग मित्राने मला पाको दे लुसिया ऐकवला. दक्षिण स्पेनच्या फ्लामेंको संगीतात मूळ मान गाण्याचा आणि नाचाचा, गिटार साथीला. १९४७ साली अल्हेसिरास गावी जन्मलेला पाको हा गिटार मध्यभागी आणून बसवणाऱ्यांत अग्रणी. पेरू देशातले ‘काहोन’ हे वाद्यही त्याने फ्लामेंकोत रुजवले. काहोन म्हणजे चक्क लाकडी खोका, पेटीच म्हणा ना! २०१४ साली तो वारला. हे सारे ऐकताना मला मात्र गोविंदराव टेंबे आठवत होते.

गोविंदरावांचा जन्म १८८१ चा, माणूस कोल्हापूरचा. भास्करबुवा बखले यांची साथ करता करता त्यांनी गायकी टिपली आणि ती बोटांत उतरवली. त्यांचे स्वतंत्र पेटीवादन ऐकायला लोक जमू लागले.

यात अवघड काय, असे वाचकांना वाटेल. पेटीची पट्टी दाबली की भात्याच्या हवेने आतला पितळी सूर बोलतो. तो जिथे लावला आहे तिथेच बोलणार. सतारीची तार ओढता येते, गळा एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. पेटीला मींड नाही. सप्तकाच्या बारा पट्ट्या, मधली जागा रिकामी. आपल्या संगीताचा जीव तर बराचसा त्या मधल्या जागेतच! तेव्हा वादकाने करायचे काय? पहिली पट्टी सोडण्याआधी दुसरीवर अलगद उतरायचे, शेजारच्या स्वराचा निसटता कण द्यायचा, भात्याचा दाब श्वासासारखा कमीजास्त करायचा. मींड होत नाही, पण ऐकणाऱ्याच्या कानाला ती झाल्यासारखी वाटते. ही लबाडी आहे खरी. पण फार रियाजाची लबाडी आहे.

याच कानाने गोविंदरावांनी चाली केल्या. खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले, त्याला संगीत त्यांचे. त्याआधीच्या नाट्यपदांवर साकी, दिंडी, कीर्तन यांची छाप होती. गोविंदरावांनी ठुमरी, कजरीचा पूरबी डौल मराठी पदांत आणला. आज नाट्यसंगीत म्हणून जे आपल्या कानात असते, त्यातले पुष्कळसे त्या वळणाचे आहे. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या प्रभातच्या बोलपटात ते स्वतः हरिश्चंद्र झाले, संगीतही त्यांचेच. शिवाय लेखक! ‘माझा संगीत व्यासंग’ ग्रंथालयातून जरूर काढावे.

आणि एवढे होऊनही १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले. कारण तेच, बारा पट्ट्या आणि मींड नाही. आक्षेप खोटा नव्हता, हे कबूल केलेच पाहिजे. पण गोविंदराव तो आक्षेप घेऊनच आयुष्यभर वाजवत आले होते, हे त्या निर्णयात कुठे दिसत नाही. १९५५ साली ते गेले. बंदी सैल झाली १९७१ मध्ये.

मित्राला हे सांगितले. तो म्हणाला, “वाजवून दाखव.” यमनातले नि रे ग वाजवले. रे वरून ग वर जाताना बोट लवकर उचलले गेले आणि जोड तुटला. “परत,” तो म्हणाला, आणि गिटार बाजूला ठेवून ऐकत बसला.