मागच्या सीटलाही आवाज हवा!

लांबच्या प्रवासात मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याच्या वाट्याला काय येतं? डोळ्यांसमोर चालवणाऱ्याचं हेल्मेट आणि कानात घोंघावणारा वारा. ‘थांबा’ म्हणायचं तर खांद्यावर थाप मारायची, ‘हळू’ म्हणायचं तर बरगडीत कोपर खुपसायचं. काही विचारावं, तर पुढून ‘काऽऽय?’ एवढंच ऐकू येतं. पुन्हा विचारलं की चालवणारा मान वळवून मागे बघतो. खरा धोका इथेच असतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. दोन सेकंद मान वळली, तर ४४ मीटर रस्ता न बघताच कापला गेला!

म्हणूनच पुढच्या-मागच्याने सहज बोलावं यासाठी केलेली इंटरकॉमची सोय ही निव्वळ गप्पांची चैन नाही. ही सोय रुजवण्यात ज्या मोटारसायकलचा मोठा वाटा आहे, ती म्हणजे होंडाची गोल्ड विंग.

दोघांसाठी घडत गेलेली गाडी

१९७४ साली जर्मनीतल्या कोलोनच्या प्रदर्शनात होंडाने ही गाडी जगापुढे आणली. ९९९ सीसीचं, पाण्याने थंड होणारं चार सिलिंडरचं इंजिन आणि चेनऐवजी शाफ्ट. यंत्र दणकट, पण पुढे वारा अडवायला काच नाही आणि सामानाला पेट्या नाहीत. १९७५ पासून ती अमेरिकेत विकली जाऊ लागली आणि तिथल्या हौशी मंडळींनी तिला आपल्या मनासारखं सजवायला घेतलं. क्रेग व्हेटर या डिझायनरची ‘विंडजॅमर’ नावाची फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं पुढचं कवच, त्या काळी अनेक गाड्यांवर चढली. पाठोपाठ पेट्या आल्या, मागच्या सीटला पाठ आली, रेडिओ आला.

गिऱ्हाईक स्वतःच्या खर्चाने काय बसवतं, हे कंपनीने नेमकं टिपलं. १९८० च्या ‘इंटरस्टेट’ मॉडेलमध्ये फेअरिंग आणि पेट्या कारखान्यातूनच लागून आल्या. १९८८ मध्ये सहा सिलिंडरची, १५२० सीसीची ‘जीएल १५००’ आली. वजन इतकं की गाडी मागे घेण्यासाठी रिव्हर्सची सोय द्यावी लागली! २००१ मध्ये १८३२ सीसीची ‘जीएल १८००’ आली. या प्रवासात मागची सीट सोफ्यासारखी होत गेली आणि रेडिओ, संगीत आणि दोघांमधला इंटरकॉम ही गोल्ड विंगची ओळख बनली.

तरीही एक गोम होतीच. आवाज मागे पोहोचला, पण बटणं पुढेच राहिली. स्टेशन कुठलं लावायचं, आवाज किती ठेवायचा, सगळा कारभार चालवणाऱ्याच्या हाती. मागच्याने निमूटपणे ऐकायचं! शिवाय हेल्मेट निराळं, कान निराळे. एकाला ठीक वाटणारा आवाज दुसऱ्याला असह्य होतो. प्रत्येक वेळी ‘जरा कमी करा’ म्हणून सांगायचं आणि चालवणाऱ्याने हँडलवरचं लक्ष काढून बटण शोधायचं. यावर उपाय म्हणून मागच्या प्रवाशासाठी वेगळी बटणं बसवली जाऊ लागली. सीटच्या कडेला, हाताच्या टप्प्यात, आवाज कमी-जास्त करण्याचं, स्टेशन बदलण्याचं आणि बोलताना दाबायचं बटण.

तारांची करामत

तारेवरच्या इंटरकॉमची रचना तशी सोपी. हेल्मेटच्या अस्तराखाली कानांपाशी दोन चपटे स्पीकर, ओठांपाशी मायक्रोफोन आणि तिथून निघालेली गुंडाळीची तार. तिच्या टोकाला बहुधा पाच पिनांचा गोल प्लग असतो. दोन पिना मायक्रोफोनच्या, डाव्या-उजव्या स्पीकरची एकेक आणि पाचवी दोन्ही स्पीकरची सामायिक.

खरी कसोटी मायक्रोफोनची. तो पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी आवाज घेतो. वाऱ्याचा आवाज दोन्हीकडून जवळजवळ सारखाच येतो, त्यामुळे तो बराचसा कटतो. बोलणं मात्र पुढूनच जोरात येतं, ते उरतं. अर्थात मायक्रोफोन ओठांना जवळजवळ टेकलेला असेल तरच! दोन बोटं लांब गेला की वारा आणि माणूस त्याला सारखेच. स्पीकरचंही तसंच. तो कानाच्या भोकासमोर नेमका हवा. जरा सरकला की आवाज निम्म्यावर येतो आणि माणूस उगीच बटण पिळत बसतो.

काही संचांत बोलायला सुरुवात केली की मायक्रोफोन आपोआप चालू होतो. ही पातळी फार हलकी ठेवली, तर वाऱ्यानेच तो उघडा राहतो. फार जड ठेवली, तर पहिला शब्द गळतो. ‘हळू, पुढे खड्डा आहे’ मधला ‘हळू’ गळला, तर बाकीच्याचा उपयोग काय? म्हणून ही जुळणी घरासमोर उभ्या गाडीवर करून भागत नाही, रिकाम्या रस्त्यावर नेहमीच्या वेगात करावी लागते.

गाडीत तार ओढताना जाणकार मेकॅनिक चार गोष्टी पाळतो. वीज फ्यूजमधूनच घ्यायची आणि किल्ली बंद केली की बंद होईल अशा जागेवरून घ्यायची, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली! अर्थिंग एकाच ठिकाणी द्यायचं, नाहीतर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी ‘कुंईऽऽ’ अशी शिट्टी कानात सुरू होते. तार सायलेन्सर आणि स्पार्क प्लगच्या वायरपासून दूर न्यायची. आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून तार कुठे ताणली जात नाही ना, हे पाहायचं.

तार सुटली

२००४ च्या सुमारास हेल्मेटसाठी ब्लूटूथचे संच बाजारात येऊ लागले आणि ही सगळी ओढाताण बरीचशी संपली. डबी हेल्मेटच्या कडेला, बॅटरी तिच्याच पोटात. गाडीची एक तारही सोडवावी लागत नाही. त्यामुळे गोल्ड विंगसारखी महागडी गाडीच हवी असं राहिलं नाही. बुलेट, शंभर सीसीची मोटारसायकल किंवा स्कूटर, कशावरही चालतं. प्रत्येकाच्या हेल्मेटवर स्वतःची बटणं असल्याने मागच्याचा आवाज मागच्याच्या हाती आला. गाणं एकाच फोनवरून दोघांना ऐकता येतं आणि अनेक संचांत कुणी बोलू लागलं की गाणं आपोआप हळू होतं. सेटिंगमध्ये ही सोय असेल, तर ती आधी चालू करावी.

मात्र बसवताना हेल्मेटला भोक पाडू नये आणि आतला थर्मोकोलसारखा थर कोरू नये. डोकं आपटल्यावर धक्का झेलतो तो हाच थर. डबी क्लिपने किंवा चिकटपट्टीने बसवायची, स्पीकर कानासाठी असलेल्या खोबणीत ठेवायचे आणि पट्टी, अस्तर, काच पूर्वीसारखी बसते ना, हे तपासायचं.

कानांची काळजी

आणखी एक गोष्ट फारशी कुणी ध्यानात घेत नाही. ताशी शंभर किलोमीटरला हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या वर जाऊ शकतो. ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास, अशी सर्वसाधारण मर्यादा तज्ज्ञ मानतात आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच. वाऱ्यावर मात करण्यासाठी गाणं आणखी मोठं केलं, तर कानांवर दुहेरी मार! त्यापेक्षा हेल्मेट नीट घट्ट बसणारं घ्यावं, वेग आवरावा, मोठ्या रस्त्यावर गाणं बंद ठेवावं आणि अधूनमधून थांबून कानांना विसावा द्यावा. हॉर्न आणि सायरन ऐकू आलेच पाहिजेत, हेही विसरून चालणार नाही.

कायदा काय देतो?

आपल्याकडे मोटारसायकल हे सबंध घराचं वाहन आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाने मागे बसणाऱ्यासाठी तीन गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत. धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि चाकात कपडा अडकू नये म्हणून निम्म्या चाकावर आडोसा, म्हणजेच आपला साडी गार्ड. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानुसार हेल्मेट पुढच्याला आणि मागच्यालाही बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना हातात फोन धरून तो वापरणं धोकादायक चालवण्यात मोडतं. आवाजाची सोय मात्र ज्याची त्यालाच करायची आहे.

ती केल्यावर दोघांनी थोडे नियमही ठरवून घ्यावेत. ओव्हरटेक करताना आणि घाटाच्या वळणावर गप्प राहायचं. वाट सांगण्याचं काम मागच्याकडे, म्हणजे पुढच्याला फोनमध्ये डोकावावं लागत नाही. उसने पैसे, सासर-माहेर आणि मुलांचे मार्क हे विषय चहाच्या टपरीपर्यंत राखून ठेवायचे! आणि मागून ‘थांबा’ आलं की कारण न विचारता सुरक्षित जागा पाहून गाडी कडेला घ्यायची. पाठ भरून आली असेल, पायाला मुंग्या आल्या असतील किंवा चालवणाऱ्याची डुलकी मागच्याला आधी जाणवली असेल. तो एक शब्द वेळेवर ऐकू आला, तरी इंटरकॉमचे पैसे वसूल!