आरामखुर्चीची खरी परीक्षा

फर्निचरच्या दुकानात आरामखुर्ची पाहायला आलेल्या कुटुंबाचे वागणे बहुधा ठरलेले असते. मुलगा गादी हाताने दाबून पाहतो, सून कापडाचा रंग पडद्यांशी जुळतो का ते ताडते, आणि ज्यांच्यासाठी खुर्ची घ्यायची ते वडील अर्धा मिनिट टेकून "छान आहे" म्हणतात. मग किमतीची घासाघीस होते, टेम्पो ठरतो. उठताना वडिलांनी एक हात मुलाच्या हातात दिलेला असतो, याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः निवडीला सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट त्याच क्षणी घडून गेलेली असते. खुर्ची बसायला कशी आहे हे सारेच पाहतात. तिच्यातून उठता येते का, हे क्वचितच कोणी पाहतो.

तरुण माणूस कोणत्याही आसनावरून सहज उठतो, म्हणून आसनाची उंची हा विषय त्याच्या मनातही येत नाही. साठीनंतर मांड्यांच्या स्नायूंची शक्ती जाणवण्याइतकी उतरते, गुडघे कुरकुरू लागतात आणि उठणे हे एक वेगळे काम होऊन बसते. अनेक घरांत असे दिसते की, आजी हळूहळू दिवाणखान्यात येईनाशा होतात. पाहुणे आले तरी आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून राहतात. "आता त्यांना गोंगाट सोसत नाही," असा अर्थ घरची माणसे लावतात. कारण कित्येकदा फार साधे असते. सोफा जमिनीपासून पंधरा इंच, बसल्यावर आणखी दोन इंच खचणारा. त्यातून उठायचे तर दर वेळी कोणाला तरी हाक मारावी लागते. पलंग उंच असतो, त्यावरून स्वतःचे स्वतः उठता येते. चार माणसांदेखत हात पुढे करण्याचा ज्याला संकोच वाटतो, तो ती खोलीच सोडून देतो. वयोवृद्ध माणसासाठी आरामखुर्ची निवडणे हा सजावटीचा प्रश्न नाही तो यामुळे. ती व्यक्ती घराच्या बैठकीत राहणार की आतल्या खोलीत जाणार, हे त्या खुर्चीवर बरेच अवलंबून असते.

उठण्याच्या शक्तीला वैद्यकशास्त्रही महत्त्व देते. वृद्धांचा पडण्याचा धोका जोखण्यासाठी अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र जी सोपी चाचणी सुचवते, ती खुर्चीवरच होते. सतरा इंच उंचीच्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसायचे, दोन्ही हात छातीवर आडवे धरायचे आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजायचे. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाला बाराहून कमी आणि त्याच वयाच्या स्त्रीला अकराहून कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका अधिक मानतात. ७० ते ७४ या वयोगटात हे आकडे अनुक्रमे बारा आणि दहा असे आहेत. हाताचा आधार घ्यावाच लागला, तर गुण शून्य. चाचणी घरी करायची असेल, तर खुर्ची भिंतीला टेकवावी आणि कोणीतरी शेजारी उभे राहावे. खरेदीपूर्वी हा आकडा ठाऊक असला की, कोणत्या प्रकारच्या खुर्चीकडे वळायचे हे पुष्कळसे ठरून जाते.

माणूस उठतो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. तो आधी पुढे सरकतो, पावले गुडघ्यांच्या मागे ओढून घेतो, धड पुढे झुकवतो आणि शरीराचा भार पावलांवर आला की मगच उभा राहतो. यातील पावले मागे घेण्याची क्रिया खुर्चीच्या खाली मोकळी जागा असेल तरच होते. बैठकीपासून फरशीपर्यंत पुढून बंद असलेल्या खुर्च्या हल्ली भारदस्त म्हणून विकल्या जातात. त्यांत टाचा फळीला अडतात आणि मग सारा जोर हातांवर व कंबरेवर येतो. खालून मोकळी खुर्ची आणखी एका कारणासाठी बरी. तिच्याखाली झाडू फिरतो. जिथे झाडू फिरतो तिथे कचरा साचत नाही, जीवजंतू वाढत नाहीत, आणि जैन घरात जयणेचा विचार असा अगदी फरशीपासून सुरू होतो.

आता मापांकडे वळू या. खुर्ची चष्म्यासारखी असते. एकाची दुसऱ्याला चालेलच असे नाही. पावले जमिनीवर सपाट ठेवून बसल्यावर, जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. बैठकीची उंची साधारण तेवढी असावी. गुडघे दुखत असतील तर एक-दोन इंच अधिक. बहुतेक ज्येष्ठांना सतरा ते एकोणीस इंच उंची मानवते. परंतु ही उंची माणूस बसून गादी दबल्यानंतरची धरावी, दुकानाच्या माहितीपत्रकातील नव्हे. पाच फूट उंचीच्या स्त्रीला एकोणीस इंचांची खुर्ची दिली तर पाय अधांतरी राहतात आणि मांड्यांखाली कड रुतते. पायाखाली पाट ठेवला तर उठताना तोच पायात येतो. अशा वेळी थोडी कमी उंची आणि भक्कम हात, ही तडजोड अधिक सुरक्षित.

बैठकीची खोली हा दुसरा दुर्लक्षित मुद्दा. पाठ मागे पूर्ण टेकल्यावर बैठकीची पुढची कड आणि पोटरी यांमध्ये दोन-तीन बोटे जावीत. आजकालचे सोफे बावीस-चोवीस इंच खोल असतात. त्यांवर ठेंगणी व्यक्ती एकतर कडेवर बसते किंवा मागे टेकून घसरत जाते. दोन्हींत कंबरेला आधार नाही. लहान चणीच्या स्त्रियांना सोळा-सतरा इंच खोली पुरते. बैठक मागच्या बाजूला किंचित उतरती असावी, फार नाही; जितकी मागे उतरती, तितके बसायला आलिशान आणि उठायला अवघड.

पाठीचा कोन काटकोनापेक्षा थोडा मोकळा असावा. स्वीडनचे अस्थिशल्यतज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी गेल्या शतकात मणक्यांमधील चकत्यांवर पडणारा दाब प्रत्यक्ष मोजला होता. पाठ मागे रेलली आणि हातांना आधार मिळाला की तो दाब उतरतो, हे त्या कामातून स्पष्ट झाले. म्हणजे रेलून बसणे हा आळस नव्हे! मात्र कंबरेच्या पोकळीत आधार हवा आणि डोक्यामागची उशी मान पुढे ढकलणारी नसावी.

हातांविषयी मात्र तडजोड करू नये. दबलेल्या गादीपासून सात ते नऊ इंच उंच, खांदे वर न उचलता कोपर टेकतील असे, आणि पुढे बैठकीच्या कडेपर्यंत आलेले हात हवेत. त्यांची टोके मुठीत धरता येतील अशी गोल असावीत. फुगीर, गादी भरलेले हात दिसायला श्रीमंत वाटतात, पण जोर लावताना पंजा त्यांवरून निसटतो.

या मापांवर आपल्या ओळखीच्या खुर्च्या तोलून पाहिल्या, तर काही लाडक्या खुर्च्या मागे पडतात. ब्रिटिश काळातील बंगल्यांच्या ओसरीवर असणारी, पाय पसरण्यासाठी लांब हात असलेली वेताची खुर्ची आजही जुन्या घरांत दिसते. मळेवाल्या साहेबाने दिवसभराच्या फिरतीनंतर पाय वर टाकून पडावे, यासाठी ती घडली. हाकेला नोकर होता. एकट्याने उठण्याची चिंता तिच्या रचनेत नाही. कापडाची घडीची आरामखुर्ची तर कित्येकांच्या आजोबांची आठवण. ती हलकी, स्वस्त, माळ्यावर मावणारी आणि कापड बदलले की पुन्हा नवी. पण कापड झोळीसारखे खचते, पाठ गोल होते, पुढची आडवी काठी मांडीखाली रुतते आणि घडी घालताना बोट चिमटते ते वेगळेच. दुपारी घटकाभर वाचन करणाऱ्या धडधाकट माणसासाठी ती उत्तमच आहे. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी त्रस्त व्यक्तीला मात्र ती देऊ नये. झुलत्या खुर्चीचेही तसेच. भार पुढे येताच ती पुढे कलते, आणि नेमक्या त्या क्षणी माणसाला स्थिर आधार हवा असतो.

विणलेल्या वेताची सरळ पायांची खुर्ची आपल्या हवेला फार मानवते. उन्हाळ्यात पाठीला वारा लागतो, घाम चिकटत नाही. विणकाम सैल झाले तर खालच्या बाजूने गरम पाणी लावून वाळू दिल्यास वेत पुन्हा ताणला जातो. ढेकणांची भीती असते, म्हणून महिन्यातून एकदा खुर्ची उन्हात ठेवण्याची जुनी रीत चालू ठेवावी. झाल्यावर फवारण्यापेक्षा होऊ न देणे केव्हाही बरे.

रिक्लायनरला सध्या मोठी मागणी आहे. पायांवर सूज येणाऱ्यांना डॉक्टर पाय उंच ठेवायला सांगतात, त्यांना ती उपयोगी पडते. परंतु पायपाट पूर्ण मिटवण्यासाठी पोटऱ्यांनी जोर द्यावा लागतो. तो अर्धवट उघडा असताना उठू पाहणारा माणूस खुर्चीसह पुढे कलंडू शकतो. नातवंडांची बोटे यंत्रात सापडण्याचा धोकाही असतो. विजेवर वर उचलून उभे करणारी खुर्ची ज्यांना खरोखर उठताच येत नाही त्यांच्यासाठी वरदान आहे. वीज गेल्यावर चालणारी बॅटरी तिच्यात आहे ना, एवढे विचारून घ्यावे. ज्यांना थोड्या कष्टाने उठता येते त्यांनी मात्र ती घेण्याची घाई करू नये. दिवसातून पंधरा-वीस वेळा स्वतः उठणे हाच मांड्यांचा व्यायाम असतो.

आवरणाबाबत अहिंसेचा विचार करणाऱ्या घरांनी दुकानदाराच्या शब्दांकडे नीट लक्ष द्यावे. 'बॉन्डेड लेदर' हे कृत्रिम नसते. खऱ्या चामड्याचा चुरा त्यात मिसळलेला असतो. 'लेदर मॅच' म्हणजे अंगाला लागणारा भाग खऱ्या चामड्याचा आणि बाजू कृत्रिम. लेदरेट किंवा रेक्झिन कृत्रिम असते, परंतु घामाने चिकटते आणि काही वर्षांत त्याचे पापुद्रे निघतात. काही उशांत पिसे भरलेली असतात. लाकडावरचे पारंपरिक चपड्याचे पॉलिश लाखेच्या किड्यांपासून मिळते. त्याऐवजी मेलामाइन किंवा पीयू पॉलिश मागता येते. चेन असलेले, धुता येणारे जाड सुती आवरण या सर्व शंकांतून मोकळे करते.

गादीचा फोम हा सर्वांत फसवा भाग, कारण तो झाकलेला असतो. त्याची घनता घनमीटरला किती किलो अशी सांगतात. घनता टिकाऊपणाचा निदर्शक आहे. मऊ की कडक हा प्रश्न वेगळा. दुकानदाराचा शब्द पडताळण्याचा उपाय म्हणजे वजनकाटा. वीस इंच लांब, वीस इंच रुंद व चार इंच जाड गादीत ४० घनतेचा फोम असेल, तर तो साधारण एक किलो पाच ग्रॅम नव्हे, पन्नास ग्रॅम भरतो. ३२ घनतेचा सुमारे ८४० ग्रॅम, आणि २० घनतेचा अर्धा किलोच. सांगाड्याची परीक्षाही सोपी आहे. पुढचा एक पाय पाच-सहा इंच उचलावा; तोवर शेजारचा पायही उचलला गेला पाहिजे. तो जमिनीवरच राहिला, तर सांगाडा पिळतो आहे असे समजावे. भुशाच्या दाबीव फळीत बसवलेले स्क्रू सैल होतात; सागवानासारख्या लाकडात खोबणीत बसवलेला जोड पुढच्या पिढीलाही पुरतो. तालुक्याच्या गावी चांगला सुतार असेल तर मापे लिहून त्याच्याकडे जाणे कित्येकदा अधिक शहाणपणाचे ठरते.

किमतीचा हिशेब महिन्यावर मांडावा. समजा, अठरा हजारांची खुर्ची पंधरा वर्षे टिकली, तर महिन्याला शंभर रुपये पडले. नऊ हजारांची तीन वर्षांत खचली, तर अडीचशे. हमीपत्रात सांगाडा, फोम आणि यंत्र यांची मुदत वेगवेगळी असते. ती बिलावर लिहून घ्यावी.

नवी खुर्ची घेण्याआधी घरातील जुन्या खुर्चीलाही एक संधी द्यावी. पाय वर करण्यासाठी खोलगट ठोकळे मिळतात. चारही पायांखाली सारख्या उंचीचे, न सरकणारे ठोकळे बसवले की काम होते. अनेक जण त्याऐवजी जाड गादी टाकतात. त्यात एक मेख आहे. दोन इंचांच्या गादीने बैठक दोन इंच वर येते, पण हात तेवढेच खाली जातात, आणि उठताना धरायला जे हवे तेच कमी पडते.

दुकानात जाताना ज्यांची खुर्ची त्यांना सोबत न्यावे, शक्यतो संध्याकाळी, शरीर थकलेले असताना आणि घरातल्या चपला घालून. वीस मिनिटे बसू द्यावे, हात न देता तीनदा उठू द्यावे, आणि तोवर घरच्यांनी मध्ये बोलू नये. वृद्ध माणसे मुलांच्या खर्चाच्या काळजीने स्वस्त खुर्चीला होकार देतात. म्हणून किमतीची पाटी आधी न दाखवणे बरे. घरी आल्यावर खुर्ची दिवाणखान्यात, येणाऱ्याचा चेहरा दिसेल अशा बाजूला मांडावी. उजेड खांद्यावरून पुस्तकावर पडावा, दिव्याचे बटण बसल्याजागी हाताला लागावे, आणि तिथून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेत गालिचाची कड किंवा तिपाई आडवी येऊ नये.