पुढे ढकललेली झोप

दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान २२ मे २०१० रोजी सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरला उतरले, पण थांबले नाही. टेकडीच्या माथ्यावरची ती धावपट्टी सुमारे आठ हजार फुटांची. त्यातली ५,२०० फूट मागे पडल्यावर चाके टेकली, विमान टोक ओलांडून दरीत गेले आणि १६६ जणांपैकी १५८ जणांचा जीव गेला. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात शेवटचे दोन तास पाच मिनिटे सापडली. त्यांतली पहिली एक तास चाळीस मिनिटे कॅप्टन झोपलेले होते. घोरण्याचा आवाजही मधूनमधून उमटला होता. जागे झाल्यावर थोड्याच वेळात त्यांना विमान उतरवायचे होते. ते ठरलेल्या मार्गापेक्षा फार उंचावरून येत होते. उतरणे सोडून पुन्हा वर जाऊ, असे सहवैमानिकाने तीनदा सुचवले. ते मानले गेले नाही. अहवालाने मुख्य ठपका कॅप्टनच्या या निर्णयावर ठेवला आणि दीर्घ झोपेनंतरची गुंगी त्याला कारण ठरली असावी, असे म्हटले. त्याच अहवालातले एक निरीक्षण मात्र चर्चेत मागे राहिले. उड्डाणापूर्वी कॅप्टनना पुरेशी विश्रांती मिळालेली होती, असे त्यात नोंदवले आहे. म्हणजे नियमाच्या हिशेबात सारे ठीक होते आणि तरी माणूस झोपेत होता. गेल्या दोन दशकांत भारतात वैमानिकांच्या थकव्याचे जे झाले, ते समजून घ्यायचे तर सुरुवात इथून करावी लागते.

मंगळूरच्या अपघाताआधी तीन वर्षे, जुलै २००७ मध्ये, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांचे नवे नियम काढले होते. विमान कंपन्यांनी तक्रार केली की इतके वैमानिक आणायचे कुठून. मे २००८ मध्ये ते नियम स्थगित झाले आणि १९९२ चे जुने परिपत्रक पुन्हा लागू झाले. वैमानिकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, तिथे हरल्या. २०११ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचा निर्णय कायम ठेवला. पुढे नसीम झैदी समितीच्या शिफारशींवरून २०११ मध्येच नवे नियम आले. स्थगिती आली नसती तर मंगळूर टळले असते, असा दावा मी करणार नाही. अहवाल त्याला आधार देत नाही. पण वैमानिकाची झोप ही उपलब्ध मनुष्यबळ पाहून कमीजास्त करता येणारी गोष्ट आहे, ही समजूत तेव्हा सरकारी दप्तरात रुजली आणि तिथून ती हललेली नाही. इंजिनाची तपासणी सुटे भाग मिळत नाहीत म्हणून दोन वर्षे पुढे ढकलू द्या, असे कोणी म्हटले तर त्याला दारातही उभे करणार नाहीत.

आपल्या भाषेत पहाटेच्या झोपेला साखरझोप म्हणतात. ती गोड लागते, कारण त्या वेळी शरीराचे घड्याळ झोपेचाच आग्रह धरत असते. रात्री दोन ते सकाळी सहा हा शरीराच्या सर्वांत मंद हालचालीचा काळ. त्या वेळी लक्ष उडते, हात सावकाश चालतात, आणि आपण मंदावलो आहोत हेच नेमके कळेनासे होते. सलग सतरा तास जागा राहिलेला माणूस हात-डोळ्यांच्या समन्वयाच्या चाचणीत साधारण रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा वागतो, हे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिले. भारतात वैमानिकाच्या श्वासात दारूचा अंश सापडला तरी त्याला विमानात चढू देत नाहीत. झोपेची अशी फुंकर मारून करायची चाचणी नाही, म्हणून तिच्याबद्दल नियम सैल आहेत. नासाने प्रशांत महासागरावरच्या लांब उड्डाणांत ठरवून घेतलेल्या डुलकीचा अभ्यास केला. सरासरी २६ मिनिटांच्या झोपेनेही सतर्कता स्पष्ट वाढली. पण ती डुलकी आखलेली होती, छोटी होती आणि उतरण्याआधी जागे होण्यास वेळ राखलेली होती. मंगळूरला शंभर मिनिटांची झोप लागली, ती कोणी आखली नव्हती. म्हणून केवळ तास मोजून भागत नाही. ते तास दिवसाच्या कोणत्या प्रहरी पडतात आणि उठल्यापासून किती वेळाने निर्णय घ्यायचा आहे, हे मोजावे लागते.

यावर पहिला आक्षेप असा की थकव्यामुळे झालेले अपघात मोजकेच आहेत. मोजकेच नोंदले गेले आहेत, हे खरे. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने थकव्याला अपघाताचे संभाव्य कारण म्हणून पहिल्यांदा नाव दिले ते १९९३ च्या ग्वांतानामोच्या मालवाहू विमानाच्या अपघातात. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळून ५० जण गेले. दोघा वैमानिकांच्या कामगिरीवर थकव्याचा परिणाम झाला असावा, पण किती ते ठरवता येत नाही, असे त्या मंडळाने लिहिले. थकव्याचा मागमूस अवशेषांत उरत नाही. मंगळूरचे ध्वनिमुद्रण नसते तर तिथेही फक्त ‘वैमानिकाची चूक’ एवढेच शब्द राहिले असते. कोलगननंतर अमेरिकेने वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम बदलले आणि जानेवारी २०१४ पासून ते लागू केले, मालवाहू कंपन्यांना वगळून. मालवाहू विमानाचा वैमानिक काही कमी माणूस नसतो. तिथेही खर्चाने झोपेवर मात केली.

भारतात पुढची मोठी पायरी ८ जानेवारी २०२४ ला आली. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. रात्रीची व्याख्या मध्यरात्र ते पाचऐवजी मध्यरात्र ते सहा झाली, म्हणजे साखरझोपेचा शेवटचा तासही तिच्यात आला. रात्रीच्या ड्यूटीत सहा लँडिंगची मुभा होती, ती दोनवर आली. कंपन्यांनी दर तिमाहीला थकव्याचा अहवाल द्यावा, असेही ठरले. १ जूनची मुदत होती. मार्चमध्येच ती पुढे ढकलली गेली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि मग काही कलमे १ जुलै २०२५ पासून, उरलेली १ नोव्हेंबरपासून असे ठरले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातल्या निम्म्याहून अधिक प्रवाशांना नेणाऱ्या इंडिगोचे वेळापत्रक कोसळले. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारांवर उड्डाणे रद्द झाली. त्याच दिवशी डीजीसीएने कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली.

त्या गोंधळाचा दोष पुष्कळांनी नियमांना दिला. लग्नाला निघालेल्या, रुग्णालयात पोहोचायच्या घाईत असलेल्या, विमानतळावर रात्र काढलेल्या प्रवाशाचा राग मी समजू शकतो. पण जवळजवळ बावीस महिने आधी जाहीर झालेल्या नियमाने वेळापत्रक मोडत असेल, तर ते वेळापत्रक आधीपासून कशावर उभे होते, हा प्रश्न विचारायला हवा. कायदेशीर असेल ते, पण ते थकलेल्या माणसांवर उभे होते. वैमानिकांची संख्या वाढवली तर तिकीट महागेल, हेही खरे. ती किंमत आज कोणी भरत नाही असे नाही. पहाटे चार वाजता दुसऱ्या-तिसऱ्या उतरणीला बसलेला वैमानिक ती भरतो, आणि त्याच्या मागे बसलेल्या दीडशे जणांना ती ठाऊकही नसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विश्रांती दिली तरी वैमानिक झोपतो कशावरून? जानेवारी २०२४ मध्ये इंडोनेशियात बाटिक एअरच्या विमानात कॅप्टन सहकाऱ्याला सांगून झोपले आणि सहवैमानिकाचाही डोळा लागला. २८ मिनिटे विमानाकडून उत्तर नव्हते. त्या सहवैमानिकाच्या घरी महिनाभराची जुळी मुले होती. कोणताही रोस्टर त्या घरात झोप पोहोचवू शकत नाही. म्हणून तर तासांच्या मर्यादेइतकेच ‘मी आज उडू शकत नाही’ असे म्हणण्याचे स्वातंत्र्य महत्त्वाचे ठरते. त्याचा उपयोग काही वैमानिक पगारवाढीच्या वादात करतील, अशी भीती घातली जाते. करतीलही काही. पण त्यांना ओळखण्याचा मार्ग नोंदींतून जातो, नोंद करणाऱ्यालाच घाबरवून नव्हे. तिमाही अहवाल आता डीजीसीएकडे जायचे आहेत. थकव्याचे कारण देऊन किती वैमानिकांनी उड्डाण नाकारले आणि त्यांतल्या कितींचे म्हणणे कंपनीने मानले, एवढे दोन आकडे कंपनीच्या नावासह जाहीर करायला नवा कायदा लागत नाही. त्यानंतर एखादी कंपनी पुन्हा मुदतवाढ मागायला आली, तर तिच्या अर्जाशेजारी ते दोन आकडे ठेवता येतील.