आजीचं माहेरचं नाव काय? मोबाइलवर असं शोधा आपलं घराणं

जबलपूरच्या चेरीतालमध्ये राहणाऱ्याला पाहुणे एक प्रश्न हमखास विचारतात, "इथला ताल कुठे आहे?" ताल आता दिसत नाही, त्याच्या जागी वस्ती आहे. जुनी माणसं सांगतात की राणी दुर्गावतीने राणीताल बांधला, तिच्या दिवाणाच्या, आधारसिंहाच्या नावाने आधारताल झाला आणि तिच्या चेरीने, म्हणजे दासीने बांधला तो चेरीताल. राणीचं नाव आपल्याला माहीत आहे, दिवाणाचंही. दासीचं मात्र सहसा कुणाला ठाऊक नसतं.

आता आपल्या घराकडे बघा. पणजोबांचं नाव तुम्ही सांगाल. पणजीचं सांगता येईल?

मी आजीचं नाव टाकून इंटरनेटवर शोधायला बसले आणि दोन तासांत काहीच हाती लागलं नाही. शेवटी आजीच हसून म्हणाली, "अगं, हे तर माझं लग्नातलं नाव! शाळेत मी वेगळीच होते." आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर पुष्कळदा नावही बदलायचे. म्हणजे एका बाईची दोन नावं, आणि दोन्हींचे कागद वेगळे!

सुरुवात घरातूनच

संकेतस्थळं उघडण्याआधी घरातल्या मोठ्यांना चार गोष्टी विचारा: माहेरचं पूर्ण नाव, मूळ गाव आणि तालुका, कुलदैवत, आणि घराण्यातलं कोण कुठे नोकरीला होतं. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, अर्थात त्यांना विचारून. जुने फोटो गूगलच्या 'फोटोस्कॅन' ॲपने टिपले तर काचेसारखी चमक येत नाही. फोटोमागची तारीख आणि नावं टिपायला विसरू नका.

कागद कोणत्या राज्यात?

जबलपूर 1817 पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होतं. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर. 1870 मध्ये मुंबई आणि कलकत्त्याकडून येणारे लोहमार्ग जबलपूरला जोडले गेले, 1904 मध्ये इथे गन कॅरेज फॅक्टरी आली. अशा नोकऱ्यांच्या निमित्ताने कितीतरी मराठी घरं इकडची झाली. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं. त्यामुळे आजोबा जबलपूरचे असले तरी त्यांचे जुने कागद नागपूरला असू शकतात. दोन्हीकडे शोधा.

उपयोगी ठिकाणं

1. आपले अभिलेख: महाराष्ट्र शासनाच्या या संकेतस्थळावर अकोला, अमरावती, नाशिक अशा जिल्ह्यांतले जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत. जिल्हा, तालुका आणि गाव निवडून शोधता येतं. यातले वारसाचे फेरफार आवर्जून बघा. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलींनाही वारसाहक्क दिला, त्यामुळे वंशावळीत नसलेली पत्नीची आणि मुलींची नावं इथे सापडू शकतात.

2. अभिलेख पटल: हे भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं संकेतस्थळ आहे. पूर्वज सरकारी नोकरीत किंवा स्वातंत्र्यलढ्यात असतील तर इथे नाव टाकून बघा. पुष्कळ फायली घरबसल्या वाचता येतात.

3. इंटरनेट आर्काइव्ह: इथे जुनी पुस्तकं फुकट वाचता येतात. 1909 चं जबलपूर जिल्ह्याचं गॅझेटियर त्या काळचं शहर डोळ्यांसमोर उभं करतं. आपल्या आडनावापुढे 'कुलवृत्तांत' लिहूनही शोधा. अनेक मराठी घराण्यांनी आपले कुलवृत्तांत छापले आहेत.

4. फॅमिलीसर्च: एका अमेरिकन चर्चचं हे संकेतस्थळ मोफत आहे. हरिद्वारसारख्या तीर्थांच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रं इथे आहेत. पानं एकेक करून उलटावी लागतात, तेव्हा धीर धरा. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडेही नामावळ्या असतात. आपल्या घराण्याचे उपाध्ये कोण, ते घरात विचारा.

5. जुन्या मतदार याद्या: निवडणूक आयोगाने 2002 ते 2004 च्या सुमाराच्या याद्या ऑनलाइन ठेवल्या आहेत. त्या फार जुन्या नाहीत, पण आजी-आजोबांचा तेव्हाचा पत्ता आणि वय त्यात मिळू शकतं.

स्पेलिंगचा घोळ

हिंदी कागदांत 'ळ' नसतो, म्हणून 'काळे' तिथे 'काले' झालेले असतात. 'गोळे' शोधत असाल तर 'गोले'ही टाकून बघा. इंग्रजी पुस्तकांत जबलपूरचं जुनं स्पेलिंग जे-यू-बी-बी-यू-एल-पी-ओ-आर-ई असं आहे. घरात मोडीतले कागद निघाले तर रद्दीत घालू नका. मोडी शिकवणारे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत आणि मोडी वाचून देणारे जाणकारही भेटतात.

जरा जपून

ऑनलाइन वंशवृक्षात कुणीतरी लिहिलंय म्हणून ते खरं मानू नका. त्यामागचा कागद कोणता, ते बघा. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव सगळ्यांना दिसेल असं टाकू नका, कारण अशी माहिती बँका ओळख पटवायला विचारतात. आणि एखादी गोष्ट सांगताना आजी थांबली, तर तिथेच थांबा. कागद उद्याही शोधता येतील.

आमच्या आजीचं शाळेतलं नाव आता आमच्या वंशावळीत आहे. तिने तिच्या आईचंही नाव सांगितलं, पण आजीच्या आजीपाशी येऊन ती अडली. "सगळे तिला काकीच म्हणायचे गं," एवढंच तिला आठवलं. हे आधी विचारायला हवं होतं, तेव्हा सांगणारी माणसं होती.

म्हणून आज रात्री जेवणं झाली की आजीजवळ बसा, आजी नसेल तर आत्याला किंवा मावशीला फोन लावा. संकेतस्थळं उद्याही उघडतील. चेरीतालच्या त्या दासीचं नाव सहसा कुणी सांगत नाही, पण आपल्या पणजीचं नाव कदाचित अजून कुणाच्या तरी आठवणीत आहे. ते आजच विचारा आणि लिहून ठेवा.