शिशाचे शिपाई

पन्नास-साठ वर्षे लाकडी कपाटात जपून ठेवलेले शिशाचे शिपाई एके दिवशी बाहेर काढावेत, तो त्यांच्या पायांशी पांढरी भुकटी सांडलेली असावी, रंगाचे पापुद्रे सुटलेले असावेत आणि उचलताच एखाद्याची बंदूक गळून पडावी, असा अनुभव युरोपातील अनेक संग्राहकांना आलेला आहे. शिपाई पावसात भिजले नव्हते की कोणी आपटले नव्हते. शिवाय शिसे हा काही लोखंडासारखा सहज गंजणारा धातू नव्हे; जुन्या काळी तिकडे पाण्याचे नळसुद्धा शिशाचे करीत. मग हे शिपाई कशाने मेले?

याचे उत्तर शोधण्यापूर्वी हे शिपाई मुळात कोण, ते पाहू. टेबलावर लढाई खेळण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत बराच जुना आहे. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावर ठोकळे सरकवून खेळावयाच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. तो खेळ सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी होता. विज्ञानकथांमुळे तुमच्या परिचयाचे असलेले एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांना रणांगणावर आणले. त्यांच्या खेळात स्प्रिंगची तोफ खरोखर लाकडाचे तुकडे उडवीत असे. तुकडा लागून जो आडवा पडेल तो मेला! पुढे फाशांनी निकाल लावण्याची पद्धत रूढ झाली. इंग्लंडमध्ये १९८३ साली निघालेल्या ‘वॉरहॅमर’ या खेळात तर सैन्येही काल्पनिकच असतात. असे सैन्य सामान्यतः बिनरंगी मिळते. खेळाडू ते जोडतो, कापून बदलतो, रंगवतो. आणि कित्येकांचा खेळण्यापेक्षा यातच अधिक वेळ जातो.

शिपाई शिशाचेच का करीत? शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, कथील २३२ अंशांना. पण दोन्ही एकत्र केले की गंमत होते. सुमारे ६२ टक्के कथील व बाकी शिसे असे मिश्रण अवघ्या १८३ अंशांना, म्हणजे दोघांच्याही आधी वितळते. साध्या चुलीवर काम भागते. त्यात थोडे अँटिमनी घातले की धातू कठीण होतो, थिजताना कमी आकसतो आणि साच्यातली बारीकसारीक रेघ उचलतो. छापखान्यातले खिळे याच तीन धातूंचे असत. खिळ्यावरचे अक्षर काय आणि शिपायाच्या कोटाचे बटण काय, ओतणाऱ्याची अडचण एकच!

जर्मनीतील न्यूरेंबर्गचे कारागीर पत्र्यासारखे चपटे शिपाई ओतीत. लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने १८९३ मध्ये भरीव दिसणारे पण आतून पोकळ शिपाई बाजारात आणले. युक्ती साधी होती. साच्यात ओतलेला धातू प्रथम थंड भिंतीला लागून थिजतो, मध्यभागी तो अजून पातळच असतो. त्याच क्षणी साचा उलटा केला की आतला रस बाहेर येतो आणि कवच तेवढे उरते.

यात किती धातू वाचतो? ब्रिटनचा शिपाई ५४ मि.मी. उंच, म्हणजे खऱ्या माणसाच्या सुमारे १/३२. उंची ३२ पटींनी घटली तर घनफळ ३२ × ३२ × ३२, म्हणजे ३२,७६८ पटींनी घटते. पासष्ट किलोचा जवान या प्रमाणात लहान केला तर जेमतेम दोन ग्रॅमचा होईल. शिसे आपल्या शरीरापेक्षा सुमारे अकरापट घन, म्हणून भरीव शिपाई बावीस ग्रॅमचा. पोकळ केला की धातूची मोठी बचत होते, आणि किंमतही उतरते.

लहान करण्यात दुसरीही एक मेख आहे. आज प्रचलित असलेली २८ मि.मी.ची मूर्ती साधारण १/६० प्रमाणाची असते. तीन सें.मी. जाडीच्या भाल्याचा दांडा या प्रमाणात अर्धा मि.मी. होईल आणि पहिल्याच खेळात वाकेल. म्हणून मूर्तिकार भाले जाड करतात, हात आणि डोकीही थोडी मोठी घडवतात. हिशेबाने ही चूक, पण डोळ्यांना ती बरोबर वाटते. दिवाळीच्या किल्ल्यावर दरवाजापेक्षा उंच मावळे उभे असतात, तेही आपण चालवून घेतोच की!

आता त्या पांढऱ्या भुकटीकडे वळू. पुष्कळांचा समज असा, की हा ‘कथिलाचा रोग’. शुद्ध कथील सुमारे १३ अंशांखाली दीर्घकाळ राहिले तर हळूहळू करड्या भुकटीत रूपांतरित होऊ शकते, हे खरे. पण थोडे शिसे किंवा अँटिमनी मिसळलेले असले की हा बदल रोखला जातो. शिपायांत तर हे धातू असतातच. खरा गुन्हेगार निघाला कपाट! लाकडातून, विशेषतः ओकच्या लाकडातून, ॲसेटिक आम्लाची वाफ अतिसूक्ष्म प्रमाणात सतत निघत असते. दमट हवेत ती शिशाशी संयोग पावून शिशाचे ॲसिटेट बनवते. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याचे पांढऱ्या कार्बोनेटमध्ये रूपांतर करतो आणि ॲसेटिक आम्ल पुन्हा मोकळे होते. मोकळे झालेले आम्ल पुढचे शिसे खायला तयार! म्हणून बंद कपाटात जरासे आम्लही वर्षानुवर्षे काम करीत राहते. भुकटीला धातूपेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे ती आतून रंग उचलून टाकते. पूर्वी हॉलंडात शिशाच्या पट्ट्या व्हिनेगरच्या भांड्यांत ठेवून, भोवती शेणखत रचून सफेदा हा रंग बनवीत. संग्राहकांची कपाटे नकळत तोच कारखाना चालवीत होती.

ही भुकटी विषारी असते. फुंकर मारून ती उडवू नये, ओल्या कागदाने टिपावी आणि हात साबणाने धुवावेत. शिपाई ठेवायचे तर काचेच्या वा धातूच्या, थोडी हवा खेळणाऱ्या कपाटात. शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते. ब्रिटनमध्ये शिशाची खेळणी १९६० च्या दशकात बंद पडली, आणि खेळाच्या मूर्ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनीही १९९० च्या दशकात शिसे सोडून कथिलाचे मिश्रधातू घेतले. आता बहुतेक शिपाई पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे असतात.

विकत आणलेल्या एकसारख्या वीस शिपायांतून वीस वेगळी माणसे घडवणे ही या छंदातली खरी मजा. एकाची मान वळवायची, दुसऱ्याच्या हाती तलवारीऐवजी निशाण द्यायचे. धातूच्या शिपायाला नवा हात डाखाने जोडायला गेलात तर पंचाईत होते. साधा डाख म्हणजे शिसे-कथिलाचेच मिश्रण. तो वितळेपर्यंत शिपायाचाही रस होऊ लागतो. यावर बिस्मथयुक्त, सुमारे ७० अंशांना वितळणारा खास डाख निघाला आहे. पण बहुतेक जण बारीक भोक पाडून तार बसवतात आणि इपॉक्सी लावतात. पॉलिस्टायरीनचे काम सोपे. त्याचा सिमेंट प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो, दोन्ही भागांचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंततात आणि द्रावक उडून गेल्यावर सांधा उरतच नाही. मऊ पॉलिथीनच्या शिपायांवर मात्र ना हा सिमेंट चालतो ना रंग नीट टिकतो.

रंगवताना प्रमाणाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. रंगाचा थर एक दशांश मि.मी. जाड झाला तर १/६० च्या शिपायाच्या अंगावर तो सहा मि.मी. जाडीच्या लिंपणासारखा बसतो, चेहरा बुजतो. म्हणून पातळ रंगाचे दोन-तीन हात देतात. आणि सावल्या? त्या रंगवायच्या कशाला, शिपाई लहान झाला तर त्याची सावलीही त्याच प्रमाणात लहान होईल, असे तुम्ही विचाराल. शंका योग्य आहे. पण साच्यातून मूर्ती सुटावी म्हणून कापडाच्या चुण्या उथळ ठेवलेल्या असतात, आणि खोलीतला ट्यूबलाइट उन्हासारखी ठळक सावली पाडत नाही. शिवाय अर्ध्या मीटरवरून पाहिलेला हा शिपाई तीस मीटरवरच्या माणसाएवढाच दिसतो. एवढ्या अंतरावर छायाप्रकाश ठळक असेल तरच आकार कळतो.

हे स्वतः करून पाहायचे असेल तर दिवाळीचा एक जुना मावळा घ्या. शक्यतो प्लॅस्टरचा घ्या, कारण कच्ची माती पाणी पिते. त्याला आधी एकच सपाट रंग द्या आणि दोन दिवस वाळू द्या. मग गडद तपकिरी रंग पुष्कळ पाण्यात कालवून त्यात साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे हे पाणी उंचवट्यांवर थेंब धरून न बसता चुण्यांत शिरते आणि तिथेच रंग सोडून वाळते. शेवटी फिकट रंगात कुंचला बुडवून तो कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि मावळ्यावरून हलकेच फिरवा. रंग फक्त उंचवट्यांना लागेल. कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरू नका. त्याच्या शेजारी नुसता सपाट रंगवलेला दुसरा मावळा ठेवा आणि दोघांकडे खोलीच्या दारातून पाहा.